कोर्लईचा सोमवार

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता नागाव आणि चौलच्या नारळी-पोफळींतून जात जात रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीत शिरतो, आणि तेथून बाहेर पडताच समोर कुंडलिकेची खाडी येते. खाडीवर आता पूल आहे. पलीकडे साळावचा पोलादाचा कारखाना आणि त्यापुढे, समुद्रात लांबवर गेलेल्या एका डोंगराच्या पायथ्याशी, कोर्लई गाव. डोंगरावर किल्ला, पायथ्याला दीपगृह. बहुतेक पर्यटक किल्ला पाहतात, दीपगृहाजवळ छायाचित्रे काढतात आणि काशीदच्या किनाऱ्याकडे निघून जातात. गेल्या माघ महिन्यात मी तेथे दोन दिवस राहिलो, तो किल्ल्यासाठी नव्हे. मला त्या गावातील मुलांचे बोलणे ऐकायचे होते.

हे बोलणे मी प्रथम ऐकले त्याला चाळीस वर्षे होत आली. १९८४-८५ साली बँकेच्या नोकरीत माझी या भागात बदली झाली होती. साळावचा पूल तेव्हा व्हायचा होता. शेतीकर्जाच्या पाहणीसाठी आम्ही तरीतून खाडी ओलांडत असू. आठवडा-पंधरवड्यातून कोर्लईचे ख्रिस्ती शेतकरी शाखेत येत, काउंटरसमोर उभे राहून आपसांत काही बोलत आणि मग माझ्याकडे वळून स्वच्छ मराठीत विचारत, "साहेब, हप्ता किती राहिला?" मला वाटे, ही मंडळी गोव्याकडची असावीत आणि ती कोकणी बोलत असावीत. खाते उघडण्याच्या अर्जात नाव, वडिलांचे नाव, व्यवसाय, जमिनीचा गट क्रमांक सारे विचारलेले असे. घरात कोणती भाषा बोलता, हे अर्जात नव्हते आणि मीही कधी विचारले नाही. दोन वर्षांनी बदली झाली आणि तो विषय मिटला.

ते बोलणे कोकणी नव्हते. स्वतः ते लोक त्याला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीजमधील 'नोसा लिंग्वा' या शब्दांचे शेवट झिजून ते तयार झाले. पोर्तुगीज चौलला १५०५ च्या सुमारास आले आणि १५२० च्या दशकात त्यांनी तेथे ठाण मांडले. समोरच्या डोंगराला ते 'मोरो' म्हणत. निजामशाहीकडून १५९४ मध्ये तो त्यांनी जिंकून घेतला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीजांचे उत्तर कोकणातील राज्य संपले आणि १७४० मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांच्या हाती आली. फिरंगी शिपाई, अधिकारी, व्यापारी निघून गेले. मागे राहिले ते येथलेच गरीब लोक, ज्यांनी धर्म बदलला होता आणि धन्यांची भाषा आपल्या पद्धतीने उचलली होती. आजूबाजूच्या हिंदूंशी वा मुसलमानांशी त्यांचे लग्नव्यवहार नव्हते, वस्ती वेगळी होती, गावाला खाडीचा अडसर होता. राज्य गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती भाषा चुलीपाशी आणि शेताच्या बांधावर तग धरून राहिली. आज ती बोलणारे सुमारे हजारभर असतील. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर अनेक वर्षे काम करून १९९६ मध्ये एक ग्रंथ लिहिला. शब्द पोर्तुगीज असले तरी मराठीच्या शेजारात राहून या भाषेने वाक्याची घडी बदलली आहे, हे त्यांनी दाखविले. पोर्तुगीज माणूस 'मी खातो भात' अशा क्रमाने बोलतो. कोर्लईचा माणूस तेच पोर्तुगीज शब्द घेऊन क्रियापद आपल्यासारखे शेवटी ठेवतो.

आता मी पुन्हा तेथे का गेलो, ते सांगितले पाहिजे. माझी नात कॅनडात टोरांटोजवळ राहते. ती सहा वर्षांची आहे आणि सार्वजनिक शाळेत पहिलीत शिकते. तिच्या आईवडिलांनी तिला फ्रेंच माध्यमाच्या वर्गात घातले आहे. घरी कोणालाही फ्रेंचचा गंध नाही. तेथे ही पद्धत रूढ आहे. त्या प्रांताच्या नियमानुसार अशा वर्गात निदान निम्मे शिक्षण फ्रेंचमधून व्हावे लागते. शिक्षिका पहिल्या दिवसापासून फ्रेंच बोलते आणि मुले खाणाखुणांवरून, चित्रांवरून, एकमेकांचे पाहून समजत जातात. दर सोमवारी एक कागद घरी येतो. त्यात त्या आठवड्याचा ध्वनी असतो, कधी 'ऊ', कधी नाकातला 'आँ', आणि त्याचे आठ-दहा शब्द. मंगळवारी ते शब्द वाचायचे, बुधवारी चित्र काढून लिहायचे, गुरुवारी वाक्यात घालायचे आणि शुक्रवारी 'दिक्ते', म्हणजे शुद्धलेखन. तेथल्या शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्या शनिवारी पहाटे, ती फोनवर आम्हाला ते शब्द म्हणून दाखविते. सौभाग्यवती ऐकते, कौतुक करते आणि आपल्या मारवाडीत काही विचारते. नात इंग्रजीत उत्तर देते. प्रश्न कळला नाही तर आईकडे पाहते. एके दिवशी तिच्या दादीने नेहमीप्रमाणे 'जीमो' म्हटले, तर पोरीने तो शब्द फ्रेंच आहे का, असे विचारले. आम्ही हसलो. फोन ठेवल्यावर सौभाग्यवती बराच वेळ काही बोलली नाही.

त्या सुमारास एका वृत्तपत्रात कोर्लईविषयी चार ओळी वाचल्या आणि काउंटरसमोर आपसांत बोलणारी ती माणसे आठवली. घरी एक भाषा आणि शाळेत पहिल्या दिवसापासून दुसरीच, ही स्थिती कॅनडातील नव्या प्रयोगाची म्हणून मी ऐकत होतो. येथे रायगडच्या किनाऱ्यावर मुले पिढ्यान्‌पिढ्या तशीच शिकत आली आहेत. फरक एवढाच की कॅनडात तिला पद्धत म्हणतात आणि येथे तिला काही नाव नाही. शाळा मराठी, मुले 'नौ लिंग'ची, झाले.

या भागात अनेक वर्षे पहिलीचा वर्ग शिकविलेल्या एका निवृत्त शिक्षिकेची भेट झाली. बाई मूळच्या घाटावरच्या. कोर्लईची मुले प्रथम वर्गात आली तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एक मुलगा उभा राहिला आणि 'आग, आग' म्हणू लागला. बाई दचकून स्वयंपाकाच्या खोलीकडे धावल्या. तेथे सारे ठीक होते. पोरगा मात्र रडकुंडीला आला होता. शेवटी चौथीतल्या एका मुलीने खुलासा केला, "बाई, त्याला पाणी पाहिजे." पोर्तुगीज 'आग्वा' झिजून या भाषेत 'आग' झाला आहे. "पाण्याला आग म्हणणाऱ्या पोरांना मी 'पाणी' शिकविले," बाई म्हणाल्या, "पण आधी त्यांनी मला 'आग' शिकविली."

त्यांची पद्धत कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती. पहिले काही महिने त्या मराठीत बोलत आणि मुलांनी आपल्या भाषेत उत्तर दिले तरी चालवून घेत. मोठ्या मुलांना लहानांशेजारी बसवीत. बडबडगीत आधी, अक्षर नंतर. दिवाळीपर्यंत मुलांना समजू लागे, होळीपर्यंत ती बोलू लागत. त्यांनी सहज सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. "सोमवार जड जायचा," त्या म्हणाल्या. शुक्रवारपर्यंत मुलांच्या तोंडात मराठी बसे, शनिवारी सकाळच्या शाळेत ती धिटाईने बोलत. मग रविवार यायचा. रविवारभर घरी, शेतावर, आजीजवळ. सोमवारी सकाळी निम्मी मराठी पुसलेली असे आणि पुन्हा आरंभ. "मला तेव्हा त्या रविवारचा राग यायचा. आता वाटते, तो रविवार होता म्हणून त्यांची भाषा राहिली."

रविवारचीही एक कथा आहे. पोर्तुगीज राज्य गेले तरी गावातील चर्चशी पोर्तुगीजचे नाते दीर्घकाळ टिकून होते. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना करण्यास मोकळीक मिळाली. कोर्लईपुरती लोकांची भाषा म्हणजे मराठी ठरली. हा निर्णय समजण्यासारखा आहे. हजार माणसांच्या, लिपी नसलेल्या भाषेत प्रार्थनेची पुस्तके कोण छापणार? परंतु त्यामुळे शाळेत मराठी, देवळात मराठी, बाजारात मराठी, कारखान्यात मराठी आणि हिंदी, असे आठवड्याचे तास वाटले गेले. 'नौ लिंग'ला ठरवून दिलेला एकही तास उरला नाही.

सरकारदरबारीही तिला जागा नाही. दहा हजारांहून कमी लोक बोलतात अशा भाषांची नावे जनगणनेच्या प्रसिद्ध कोष्टकांत येत नाहीत. घटनेच्या अनुच्छेद ३५०क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे १९५६ पासून लिहिलेले आहे, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम असावे असे आहे, आणि २०२० च्या धोरणातही तेच आहे. कोर्लईपर्यंत हे कसे पोहोचणार? त्या भाषेची क्रमिक पुस्तके नाहीत, आणि पालकांनाही मुलांसाठी मराठी व इंग्रजीच हवी आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार निदान मला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर गेलो. वाट दीपगृहाच्या अंगाने चढते. वर पडके प्रार्थनागृह, पोर्तुगीज शिलालेख, गंजलेल्या तोफा. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण माथ्यावरून एका बाजूला खाडी आणि रेवदंड्याचा तट, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र असे दृश्य दिसते की थकवा विसरावा. पलीकडचे चौल म्हणजे एके काळचे मोठे बंदर. टॉलेमीच्या भूगोलात त्याचे नाव आहे; कान्हेरीच्या लेण्यांत येथील दात्यांचे लेख आहेत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन येथेच उतरला. त्याच्या प्रवासवर्णनात मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्दांची सरमिसळ आहे, कारण वाटेतल्या बाजारांत त्याला त्याच भाषा लागल्या. आपल्या व्यापारी घरांना यात नवल वाटणार नाही. आपलेच आचार्य उद्योतनसूरी यांनी शके ७०० मध्ये, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये, मारवाडातील जालोर येथे 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यातील बाजाराच्या वर्णनात देशोदेशींचे वाणी आपापल्या बोलीत बोलताना दाखविले आहेत आणि त्यांत मरहट्टेही आहेत. एका जैन मुनीला बाजारातील बोली टिपून ठेवण्याजोग्या वाटल्या, याचे मला फार अप्रूप आहे.

उतरल्यावर रेवदंड्याला एका साधर्मिक बंधूंच्या किराणा दुकानात बसलो. तीन पिढ्यांचे दुकान. शेटजी माझ्याच वयाचे. त्यांना 'नौ लिंग'मधले आकडे आणि तेल, मीठ, साखर यांची नावे येतात. वडिलांनी गिऱ्हाइकांशी बोलता बोलता शिकविली. "गिऱ्हाइकाच्या भाषेत भाव सांगितला की त्याला वजनाचा संशय येत नाही," असे वडील म्हणत. आम्ही दोघे शब्दांचा हिशेब करीत बसलो. चावी, साबण, बटाटा, बादली, घमेले, पिंप, फीत, तंबाखू, काजू, अननस, हे सारे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. पगार आणि लिलावही त्यांचेच. माझी सारी नोकरी या दोन शब्दांच्या आसपास गेली आणि मला ते ठाऊक नव्हते! 'पाव' तर आहेच. नातीच्या सोमवारच्या कागदावर एकदा 'पँ' असा शब्द होता, अर्थ पाव. मूळ लॅटिन एकच. सातला पोर्तुगीज 'सेते', फ्रेंच 'सेत', मराठी सात आणि आपल्या प्राकृतात 'सत्त'. शेटजी म्हणाले, "मग भांडण कशाचे?"

थोड्या वेळाने त्यांचा नातू शाळेतून आला. इंग्रजी माध्यम. शेटजींनी त्याला मारवाडीत काही विचारले, त्याने हिंदीत उत्तर दिले आणि तो मोबाइल घेऊन आत गेला. शेटजींनी माझ्याकडे पाहिले. दोघांनीही त्यावर काही बोलणे टाळले.

याच किनाऱ्यावर बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. तेल गाळण्याचा त्यांचा व्यवसाय, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घरची भाषा मराठी झाली, शनिवारची प्रार्थना मात्र हिब्रूतच राहिली. पुढे बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, तर तेथे हिब्रू रोजची झाली आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी काढले. अलिबागचे सिनेगॉग पाहून परतताना माझ्या मनात हाच विचार होता. आपली नवकाराची प्राकृतही अशीच टिकली. कोणाच्या घरात ती बोलली जात नाही, पण तिचा वेळ ठरलेला आहे, रोज सकाळी, प्रतिक्रमणात, पर्युषणात. ज्या महावीरांनी पंडितांची संस्कृत सोडून सामान्यांना समजणारी अर्धमागधी पत्करली, त्यांच्या अनुयायांनी ती पाठ करून जपली. अर्थ पुष्कळांचा सुटला, हा भाग वेगळा.

आता पुन्हा कॅनडाकडे. तेथील या शिक्षणाचा आरंभ १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या गावी काही इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहाने झाला. मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट (गावाचे आणि यांचे नाव एक, हा योगायोग) यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मुले फ्रेंच शिकली आणि त्यांच्या इंग्रजीचे काही बिघडले नाही. चिरंजीवांनी मला हेच फोनवर ठासून सांगितले होते. परंतु त्याच लॅम्बर्ट यांनी पुढे भेद करून सांगितला, की घरची भाषा समाजात बलवान असेल तर नवी भाषा तिच्यात भर घालते. घरची भाषा दुबळी असेल तर नवी भाषा तिची जागा घेते. त्या गावातल्या मुलांची इंग्रजी बिघडली नाही, कारण साऱ्या उत्तर अमेरिकेची इंग्रजी त्यांच्या पाठीशी होती. माझ्या नातीच्या मारवाडीच्या पाठीशी कोण आहे?

मी एका कागदावर तिचा आठवडा मांडून पाहिला. सवय जात नाही. सोमवार ते शुक्रवार निम्मा दिवस फ्रेंच, उरलेला इंग्रजी. संध्याकाळी पोहणे, इंग्रजी. शनिवारी मैत्रिणी, इंग्रजी. रविवारी पाठशाळा, तीही इंग्रजीतून, सूत्रे रोमन अक्षरांत. आईवडील दोघे नोकरी करणारे, थकून आलेले, तेही मुलीशी इंग्रजीतच बोलतात. मारवाडीच्या रकान्यात शनिवार पहाटेची आमची पंधरा मिनिटे, त्यांतली दहा फ्रेंच शब्दांत जातात. मग शेजारी कोर्लईच्या पहिलीतल्या पोराचा आठवडा मांडला. शाळेचे पाच-सहा तास मराठी. उरलेले सारे जागेपण, अंगण, शेत, आजी, भांडण, जेवण, 'नौ लिंग'. मी त्याची कीव करण्याच्या तयारीने गेलो होतो.

अर्थात हे किती दिवस? पूल आहे, कारखाना आहे, घरोघर मोबाइल आहे. गावात संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या रस्त्याने चाललो असता मुले लगोरी खेळत होती. आकडे मराठीत मोजले जात होते, भांडण मात्र आपल्या भाषेत. एका ओट्यावरच्या म्हातारबाईंना मी मराठीत विचारले की मुले तुमच्याशी कशात बोलतात. त्या म्हणाल्या, "आमच्यातच बोलतात. मी मराठीत उत्तरच देत नाही ना." त्यांना मराठी उत्तम येत होती.

घरी आल्यावर हे सौभाग्यवतीला सांगितले. पुढच्या शनिवारी पहाटे फोन आला. नातीने 'दिक्ते'चे शब्द म्हटले. त्यात 'पँ' पुन्हा होता. दादीने या वेळी कौतुकाचा इंग्रजी शब्द वापरला नाही. मारवाडीतच विचारले, आज काय जीमली. पोरगी आईकडे पाहू लागली. सून काही सांगणार इतक्यात चिरंजीवांनी तिला हाताने थांबविले, हे पडद्यावर दिसले. बरीच शांतता गेली. मग दादीने हातातली बाजरीची भाकरी कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हटले, "सोगरा." नातीने तो शब्द दोनदा म्हटला. 'र' मात्र तिने फ्रेंचसारखा घशातून काढला.